कोशर पाहुण्यांसाठी खरेदी: हिरवा ठिपका पुरेसा नाही, मग काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने ऑफिसातल्या ज्यू सहकाऱ्याला बायको-मुलांसह दिवाळीच्या फराळाला बोलावलं आहे. ती मंडळी शेजारच्या हायलंड पार्कला राहतात आणि कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळतात. इंडियन ग्रोसरीतून शुद्ध शाकाहारी, हिरवा ठिपका असलेल्या वस्तू आणल्या तर चालतील ना? आणि पाकिटांवरच्या त्या बारीक यू, के, डी, पी या अक्षरांचा अर्थ काय?

मी ठाण्याचा, बेने इस्रायल या कोकणातल्या मराठी ज्यू समाजातला. शिक्षण अन्नतंत्रज्ञानाचं, आणि काम निर्यात करणाऱ्या कारखान्यांच्या कोशर तपासणीचं: मसाले, आंब्याचा पल्प, काजू, तयार भाज्यांची पाकिटं. त्यामुळे उत्तराची सुरुवात दुकानापासून न करता पाकीट भरलं जातं तिथपासून करतो.

हिरवा ठिपका पुरत नाही. तो एवढंच सांगतो की पदार्थात मांस, मासे, अंडं नाही. दूध त्यात चालतं, वाईनचा व्हिनेगर चालतो, चीज चालतं, आणि ज्या कढईत हे शिजलं त्या कढईत काल काय होतं याबद्दल तो ठिपका काहीच बोलत नाही. कोशर मात्र नेमकं तेच विचारतं, कारण त्यात मांस आणि दूध एकत्र येऊ देत नाहीत. आपल्याकडे कडक उपवास करणारी आजी 'वेफर्स बटाट्याचेच आहेत, पण तळले कोणत्या कढईत?' असं विचारते ना, तसं. म्हणून घटकांची यादी कितीही बारकाईने वाचली तरी तिच्यावरून निर्णय होत नाही. पाकिटावरची कोशर खूण ही यादीबद्दल नसते, कारखान्याबद्दल असते. एवढं ध्यानात ठेवलंत की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

यादीत काय येत नाही त्याचं साधं उदाहरण घ्या. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात रसाची मळी काढायला भेंडीचा चिकट रस घालतात आणि उकळताना फेस चढला की थोडं तेल टाकतात. गुळाच्या वेष्टनावर यातलं काही छापलेलं दिसतं का? इथे दोन्ही गोष्टी निरुपद्रवी आहेत. पण मोठ्या कारखान्यात फेस मारणारं द्रव्य, पट्ट्याला पदार्थ चिकटू नये म्हणून लावलेलं तेल, फ्लेवर ज्यात विरघळवला ते ग्लिसरीन, यांचं मूळ प्राणिज असू शकतं, आणि 'नैसर्गिक स्वाद' या दोन शब्दांत काय काय मावतं ते बाहेरून कळत नाही. १९३५ साली अटलांटाचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) टोबायस गेफन यांनी कोका-कोलाची कृती तपासली, तेव्हा अत्यल्प प्रमाणातलं ग्लिसरीन गुरांच्या चरबीपासून आलेलं निघालं. कंपनीने ते बदलून वनस्पतिजन्य ग्लिसरीन वापरलं, तेव्हा त्यांनी मान्यता दिली. बाटली हातात धरून हे कुणालाच कळलं नसतं.

कारखान्यात आम्ही बघतो काय? आधी दोन याद्या ठरतात: एकीत मान्य कच्चा माल, पुरवठादाराच्या नावासकट, दुसरीत त्यातून बनणारी उत्पादनं, ब्रँडच्या नावासकट. खरेदी विभागाने दहा पैसे वाचवायला इमल्सिफायरचा पुरवठादार बदलला, तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने वस्तू तीच असते, पण आमच्या यादीबाहेर जाते. तपासनीस न सांगता येतो. आधी गोदामात जातो, पिंपांवरची लेबलं यादीशी ताडतो आणि मग चहा घेतो. किती वेळा यायचं ते धोक्यावर अवलंबून. नुसती हळद दळणाऱ्याकडे वर्षातून मोजक्या फेऱ्या पुरतात. मांस आणि वाईन असेल तिथे माणूस कायम उभा लागतो.

खरी डोकेदुखी असते वाफेची. एकाच बॉयलरची वाफ चीज सॉसच्या कढईलाही जाते आणि डाळीच्या कढईलाही, आणि थंड होऊन पाणी झालेली वाफ परत बॉयलरमध्ये येते. म्हणजे कढया वेगळ्या असूनही उष्णतेच्या वाटेने दोन्ही जोडल्या गेल्या. यावर उपाय दोनच: वाफेचा परतीचा मार्ग तोडायचा, नाहीतर बॉयलरच्या पाण्यात असं कडू द्रव्य घालायचं की त्या पाण्याला खाद्यपदार्थाची चवच राहणार नाही. यंत्र कोशर करायचं झालं तर ते स्वच्छ धुऊन चोवीस तास बंद ठेवतात आणि मग आमच्यासमोर त्यातून खळखळ उकळतं पाणी फिरवतात. कोरड्या, थंड यंत्रांचं एवढं नसतं. मसाल्याच्या मिक्सरमध्ये सकाळी चीज पावडर आणि दुपारी गोडा मसाला झाला, तर नीट सफाईवर भागतं. जिथे उष्णता आणि ओलावा आला तिथे नियम कडक होतात. म्हणूनच खाद्यतेलाला खूण लागते, जरी डब्यात शंभर टक्के शेंगदाणा असला तरी: शुद्धीकरणाचा प्रकल्प, टाक्या आणि टँकर दुसऱ्या कुठल्या चरबीबरोबर सामायिक असू शकतात.

आता खुणा. अमेरिकेत पाच मोठ्या संस्था जवळपास सगळीकडे मानल्या जातात. ओयू, म्हणजे न्यूयॉर्कची ऑर्थोडॉक्स युनियन, तिची खूण वर्तुळात यू. ओके, वर्तुळात के. कोफ-के तुमच्याच राज्यातल्या टीनेकची. तिच्या खुणेत हिब्रू काफ अक्षराच्या पोटात के असतो. बाल्टिमोरची स्टार-के, चांदणीत के. आणि शिकागोची सीआरसी, त्रिकोणात ही तीन अक्षरं. भारतातून येणाऱ्या मालावर यांतल्या काही दिसतील, शिवाय लंडनची केएलबीडी किंवा मॉन्ट्रियलची एमके असू शकते. जगात अशा खुणा शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येक कुटुंब प्रत्येक खूण मानतंच असं नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी सहकाऱ्याला सरळ विचारा: तुम्ही कोणत्या खुणा चालवता? दूध 'खालाव यिस्राएल'च लागतं का? दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ असा की काही घरांत दूध काढण्यापासून ज्यू माणसाची देखरेख असलेलंच दूध चालतं; इतर अनेक घरं अमेरिकेतलं साधं दूध सरकारी तपासणीच्या भरवशावर घेतात. यात संकोच वाटायचं काही कारण नाही. कोशर पाळणाऱ्यांना हे प्रश्न रोजचे असतात, आणि न विचारता केलेल्या पाहुणचारापेक्षा विचारलेला बरा वाटतो.

नुसता के, भोवती वर्तुळ नाही, चांदणी नाही, असा दिसला तर मी पाकीट ठेवून देतो. एकट्या अक्षराचा ट्रेडमार्क घेता येत नाही, त्यामुळे ते कुणीही छापू शकतं. काही नामांकित कंपन्यांच्या साध्या के मागे खरोखरच रब्बी असतो, पण ते कळायला कंपनीला फोन करावा लागतो. पाहुण्यांसाठी एवढा उद्योग कशाला? वर्तुळातला आर म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्क आणि वर्तुळातला सी म्हणजे कॉपीराइट; चश्मा नसताना या दोन्ही खुणा ओयूसारख्या दिसतात. 'कोशर-स्टाइल' लिहिलेलं लोणचं किंवा सँडविच म्हणजे फक्त चवीची तऱ्हा, प्रमाणपत्र नव्हे. 'कोशर सॉल्ट'चंही तसंच: मांसातलं रक्त काढायला वापरतात त्या जाड मिठाला ते नाव पडलंय.

खुणेशेजारच्या अक्षराकडे दुर्लक्ष करू नका. डी म्हणजे डेअरी: पदार्थात दूध आहे, किंवा दुधाच्या यंत्रावर बनलाय. अमेरिकेतल्या ओरिओच्या पुड्यावर ओयू-डी असतो, आणि घटकांत तर दूध सापडत नाही, कारण यंत्र. काही संस्था अशा मालासाठी डीई असं वेगळं लिहितात. मीट किंवा ग्लॅट म्हणजे मांस. 'पारेव' म्हणजे दूधही नाही, मांसही नाही, कशाहीबरोबर चालणारं. आणि पी म्हणजे पारेव नव्हे! पी म्हणजे पेसाख, वल्हांडणाचा सण, जो मार्च-एप्रिलात, आपल्या गुढीपाडव्याच्या मागेपुढे येतो. त्या दिवसांत गहू, बार्ली, राय, ओट यांच्यापासून फुगलेलं काही चालत नाही. युरोपीय परंपरेतली कुटुंबं तांदूळ, डाळी, मकाही टाळतात. तेव्हा कोका-कोलासुद्धा पिवळ्या झाकणाची वेगळी येते, मक्याच्या सिरपऐवजी साखर घातलेली. आपला हिंग त्या आठवड्यात अडतो, कारण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. दिवाळीत हा प्रश्न येत नाही, फक्त पीचा अर्थ चुकवू नका.

डी आणि पारेव हा फरक फराळाला फार महत्त्वाचा. तुमच्या पाहुण्यांनी दुपारी चिकन खाल्लं असेल, तर पुढचे काही तास, बऱ्याच घरांत सहा, ते दुधाचं काही खाणार नाहीत. पेढा, बर्फी, चॉकलेट सगळं ओयू-डीचं आणलंत तर ते हसून नको म्हणतील आणि पोरं हिरमुसतील. निम्म्याहून जास्त वस्तू पारेव घ्या. हा सल्ला सगळ्यांत कमी दिला जातो, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आहे.

ओक ट्री रोडवरच्या इंडियन ग्रोसरीत शिरलात की काय घ्याल? अख्खी ताजी फळं, साधी साखर, मीठ, स्वाद न घातलेला चहा, कच्चे काजू-बदाम ज्यांना तेल लावलेलं नाही, कोरडा तांदूळ, डाळी: यांना साधारणपणे खूण लागत नाही. अख्खे मसालेही त्यातच. दळलेल्या एकेरी मसाल्यांबद्दल घराघराची रीत वेगळी. मिश्र मसाल्यांना मात्र खूण हवीच. फळं इस्रायलहून आलेली असली तर उलटं होतं: तिथल्या शेतमालातून दशांश बाजूला काढण्याचे वेगळे नियम आहेत, तेव्हा इस्रायली संत्री 'जास्त कोशर' असतील असं समजून घेऊ नका. कोथिंबीर, कढीपत्ता, मेथी, फ्लॉवर यांचा प्रश्न किड्यांचा. किडा खाणं निषिद्ध आहे, आणि पानाखाली दडलेला माव्याचा ठिपकाही त्यात आला. डाळ-तांदूळ परातीत घेऊन निवडण्याची आपल्या आयांची सवय या बाबतीत पूर्ण कोशर होती.

तळलेला फरसाण, शेव, चकली, वेफर्स: खूण असलेलं बंद पाकीट मिळालं तरच. तूप, लोणी, पनीर यांनाही खूण लागते. चीजवर तर शाकाहारी रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करणारं द्रव्य) लिहिलेलं असूनही भागत नाही; चीज बनवताना ज्यू देखरेख हवी असा जुना नियम आहे. पनीर लिंबाने किंवा आम्लाने फाडलेलं असतं, म्हणून तो नियम त्याला लागतो की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. तुम्ही त्या वादात पडू नका, पनीर वगळा. मिठाईच्या काउंटरवरची सुटी काजू कतली विसरा. भारतात २०१६ पासून चांदीचा वर्ख बनवताना प्राणिज साहित्य वापरायला बंदी आहे, त्याआधी तो जनावरांच्या आतड्याच्या किंवा चामड्याच्या पापुद्र्यांत कुटला जायचा. पण देखरेख नसलेल्या काउंटरवर कोणता वर्ख, कोणतं तूप, कोणती कढई हे सांगणारं कुणी नसतं. हलवाई कितीही सज्जन असला तरी.

दुकानदाराने पोत्यातून काढून स्वतःच्या पिशवीत भरलेल्या मालावरची छापील खूण धरू नका. खूण मूळ बंद वेष्टनावरच हवी. एकाच ब्रँडचा आंब्याचा पल्प एका मोसमात रत्नागिरीहून येतो, दुसऱ्यात आणखी कुठून; एका डब्यावर खूण असते, शेजारच्यावर नसते. म्हणून मागच्या महिन्याची आठवण उपयोगाची नाही, हातातला डबा बघा. भारतातून बॅगेत आणलेल्या ओळखीच्या ब्रँडलाही अमेरिकेतल्या पाकिटाची खूण लागू होत नाही, कारखाना वेगळा असतो. आणि आयातदाराने पोषणमूल्यांचा स्टिकर चिकटवून खूण झाकली असेल तर तो अलगद सोलून बघायला हरकत नाही. मी बघतो.

शंका आली तर या संस्थांच्या संकेतस्थळांवर उत्पादनाच्या नावाने शोधता येतं, सीआरसीचं फोनवरचं अ‍ॅपही आहे. कंपनीकडून प्रमाणपत्र मागवलंत तर चार गोष्टी वाचा: मुदत (बहुधा एका वर्षाची असते), कारखान्याचं किंवा कंपनीचं नाव, तुमच्या वस्तूचं ब्रँडसकट नाव, आणि 'खूण छापलेली असेल तरच' ही अट आहे का. अट असेल आणि पाकिटावर खूण नसेल, तर ते प्रमाणपत्र त्या पाकिटाचं नाही, लेटरहेड कितीही भारदस्त असो. संपलेल्या मुदतीची झेरॉक्स मेलवर पाठवणारे निर्यातदार मी भरपूर पाहिलेत. त्यांचा हेतू वाईट असतो असं नाही, पण फाइलमध्ये जे हाताला लागलं ते पाठवतात.

ताजं, शिजवलेलं अन्नच हवं असेल तर हायलंड पार्क-एडिसन भागात रॅरिटन व्हॅली वाआदच्या देखरेखीखालची दुकानं आहेत. वाआद म्हणजे स्थानिक रब्बींचं मंडळ. तिथे भिंतीवरचं प्रमाणपत्र बघायचं ते वर सांगितलं तसंच, तारखेपासून. न्यू जर्सीत आधी 'कोशर' कशाला म्हणायचं हे राज्य सरकारच ठरवायचं. १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, कारण धर्माचा अर्थ लावणं सरकारचं काम नव्हे. त्यानंतर आलेल्या नियमांत दुकानदाराने आपण कशाच्या आधारावर कोशर म्हणतो, देखरेख कुणाची, हे जाहीर करायचं असतं. म्हणजे सरकार दर्जा ठरवत नाही, खोटं बोलू देत नाही एवढंच. मॅनहॅटनच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर डोसे देणारी काही शाकाहारी हॉटेलं प्रमाणपत्र घेऊन चालली आहेत, पण तिथल्याही खुणेबद्दल पाहुण्यांना आधी विचारा.

घरी काही शिजवू का, हा पुढचा प्रश्न येणारच. नको. सगळे घटक खुणेचे असले तरी तुमची भांडी, ओव्हन, पोळपाट कोशर नाहीत, आणि ज्यू नसलेल्या व्यक्तीने शिजवलेल्या अन्नाबद्दल स्वतंत्र नियम आहे. यात तुमच्या स्वच्छतेबद्दल काही सुचवलेलं नाही. कागदी ताटं, कागदी पेले, नवे प्लास्टिकचे चमचे आणा. पाकिटं आधी फोडून सुंदर वाट्यांत मांडू नका. बंदच टेबलावर ठेवा, त्यांना खूण बघू द्या, त्यांनाच फोडू द्या. गरम करायचंच असेल तर फॉइलच्या दोन थरांत पूर्ण गुंडाळून, पण तेही त्यांना विचारून. फळं अख्खी ठेवा, सोबत नवी सुरी.

एक पदार्थ मात्र सुचवावासा वाटतो. आमच्याकडे शुभकार्यात एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. चुलीचं काम नाही, दूध नाही, म्हणून पारेव. कोकणात आमच्या घरांनी मटणाच्या रश्शातही दुधा-दह्याऐवजी नारळाचा रसच घातला, तो याच नियमापायी. खूण असलेले पोहे मिळाले तर सगळं सामान टेबलावर मांडा आणि त्यांच्यासोबत, त्यांच्या हातून कालवू द्या. पोरांना आवडतं.

वाईनची बाटली भेट द्यायचा विचार असेल तर खूण असलेलीच, आणि बंद. द्राक्षांच्या रसाला आणि वाईनला नियम सर्वांत कडक: बनवताना हाताळणारे ज्यू हवेत, आणि 'मेवुशाल' म्हणजे तापवून घेतलेली नसेल तर नंतर ओतण्यालाही तोच नियम लागतो. लेबलवर मेवुशाल लिहिलेलं बघून घ्या, तरी बूच त्यांनाच काढू द्या. द्राक्षाचा स्वाद असलेली सरबतं आणि बाल्सामिक व्हिनेगरही याच रांगेत.

आणि बोलावण्याआधी दिनदर्शिका बघा. लक्ष्मीपूजन शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी दिवसा आलं, तर शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, ते गाडी चालवून येणार नाहीत. रविवार दुपार सांगा.